मेटल डिटेक्टर घ्या आणि घराजवळच फिरा

नवा मेटल डिटेक्टर हाती आला की पहिल्याच शनिवारी लांबचा बेत आखावासा वाटतो. इंग्लंडमध्ये गव्हाची कापणी उरकली की ठिकठिकाणी डिटेक्टरवाल्यांच्या रॅली भरतात. पैसे भरून शेकडो माणसं अनोळखी शेतांत उतरतात, दिवसभर खणतात आणि संध्याकाळी गाड्या काढून परततात. नवशिक्याने तिकडे जाऊ नये, असं माझं ठाम मत आहे. या छंदाची खरी गोडी घरापासून चालत किंवा सायकलने जाता येईल अशा जमिनीत आहे. एकाच शेतात पुन्हा पुन्हा जाणाऱ्याला दुसऱ्या वर्षापर्यंत त्या शेताची जी माहिती होते, ती एका दिवसाच्या पाहुण्याला होत नाही.

इथे स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांना तर मी हे आग्रहाने सांगतो. आपण गावात घर घेतो, मुलं इथल्या शाळेत जातात, दिवाळीला हॉल भाड्याने घेऊन फराळ होतो. पण गावाबाहेरची जमीन गाडीच्या काचेतून दिसते तेवढीच आपली. ओढा पूर्वी कुठून वाहायचा, जुनी पाणंद कुठे होती, जत्रा कुठे भरायची, हे आपल्या मूळ गावाबद्दल आजोबांनी सांगितलेलं असतं. इथे सांगणारं कोणी नसतं. डिटेक्टर घेऊन दोन हंगाम फिरलात, तर यातलं बरंच काही तुमचं तुम्हालाच कळू लागेल.

सुरुवात स्वतःच्या परसबागेत करा. घर भाड्याचं असेल तर घरमालकाला विचारा. मग मुलांना कामाला लावा: आजची चिल्लर, चांदीचं एक जुनं जोडवं, गंजका खिळा, शीतपेयाच्या कॅनची कडी आणि चॉकलेटचा चांदीसारखा कागद, हे सगळं वेगवेगळ्या खोलीवर पुरून घ्या आणि प्रत्येक जागी काडी रोवून ठेवा. त्यावरून यंत्राच्या टोकाची गोल कॉइल फिरवत तासभर नुसतं ऐका. एकाही जुन्या वस्तूचा शोध न लागता गेलेला हा तास पुढच्या सगळ्या हंगामांना पुरतो, कारण या छंदात डोळ्यांआधी कान तयार व्हावा लागतो.

यंत्राचं तत्त्व सोपं आहे. कॉइलमधून उलटसुलट दिशेने वीज खेळते आणि तिच्याभोवती चुंबकीय क्षेत्र तयार होतं. ते क्षेत्र जमिनीतल्या धातूत लहान लहान विद्युतप्रवाह उठवतं आणि त्या प्रवाहांचा परिणाम दुसरी कॉइल टिपते. धातूतून वीज किती सहज वाहते, वस्तू केवढी आणि किती जाड आहे, यावर पडद्यावरचा आकडा ठरतो. लोखंड खालच्या टोकाला, चांदी आणि तांबं वरच्या टोकाला. मधल्या पट्ट्यात मात्र चॉकलेटचा कागद, कॅनची कडी आणि सोन्याची अंगठी शेजारी शेजारी बसतात. कचऱ्याला कंटाळून मधला पट्टा बंद केलात, तर अंगठीचा आवाजही त्याबरोबर बंद झाला. म्हणून निदान पहिल्या वर्षी तरी सगळे आवाज उघडे ठेवा आणि खणून पाहा.

खर्च फार नाही. २०० ते ३०० पौंडांत गॅरेट, मिनलॅब किंवा नोक्टा या कंपन्यांपैकी कुणाचंही नवशिक्याला पुरेसं यंत्र मिळतं. त्यासोबत हेडफोन घ्या, आणि खड्ड्यातल्या मातीत नेमकी जागा दाखवणारा हातातला छोटा पिनपॉइंटर घ्या. त्याशिवाय ओल्या चिकणमातीत बटणाएवढी वस्तू शोधताना जीव मेटाकुटीला येतो. अरुंद पात्याचं मजबूत फावडं, गवताळ जमिनीसाठी धारदार खुरपं, हातमोजे, आणि कमरेला दोन पिशव्या: एक सापडलेल्या वस्तूंसाठी, दुसरी कचऱ्यासाठी. धनुर्वाताचं इंजेक्शन घेऊन किती वर्षं झाली तेही पाहा. गंजकं लोखंड आणि शेतातली माती हाताळायची आहे.

बागेनंतर शेत. इथे पहिली गोष्ट लक्षात ठेवायची ती अशी की इंग्लंडमध्ये प्रत्येक जमिनीला मालक आहे आणि त्याच्या परवानगीशिवाय डिटेक्टर चालवता येत नाही. शेतातून सार्वजनिक पायवाट जात असली तरी तिथे चालण्याचा हक्क मिळतो, खणण्याचा मिळत नाही. कौन्सिलच्या बागांसाठी कौन्सिलला विचारावं लागतं आणि अनेक ठिकाणी नकार मिळतो. नॅशनल ट्रस्टच्या जमिनी विसराच. १९७९ च्या कायद्याने संरक्षित ठरवलेल्या प्राचीन स्थळांवर विशेष संमतीविना डिटेक्टर चालवणं हा गुन्हा आहे, मग मालक कितीही ओळखीचा असो. सरकारच्या ‘मॅजिक’ नावाच्या नकाशा-संकेतस्थळावर ही स्थळं दाखवलेली असतात. जाण्याआधी तिथे नजर टाका. नॅशनल कौन्सिल फॉर मेटल डिटेक्टिंगचं सभासदत्व घेतलं की तृतीय पक्षाचा विमा मिळतो. शेतकऱ्याला परवानगी मागताना तो कागद उपयोगी पडतो.

परवानगी मागणं हेच अनेकांना अवघड वाटतं, आपल्या लोकांना तर फारच. परक्या देशात गोऱ्या शेतकऱ्याच्या दारावर जाऊन काय बोलायचं? साधं बोला. ईमेल किंवा चिठ्ठीपेक्षा प्रत्यक्ष भेट बरी. कापणीच्या धावपळीत आणि वसंतात मेंढ्या विण्याच्या दिवसांत जाऊ नका. नाव सांगा, कुठल्या गल्लीत राहता ते सांगा. ‘शेजारचाच आहे’ हे तुमचं सर्वांत मोठं भांडवल. शेतकऱ्याला खऱ्या चिंता तीन-चारच असतात: फाटक उघडं राहून जनावरं बाहेर जातील, खड्ड्यात मेंढीचा पाय अडकेल, पेरलेलं तुडवलं जाईल, आणि रात्री चोरून खणणारे ‘नाइटहॉक’ तुमच्या मागोमाग येतील. या प्रत्येकाचं उत्तर त्याने विचारण्याआधीच द्या. सापडलेलं शिसं आणि लोखंड उचलून नेईन, हेही सांगा. शिसं गुरांना विषारी असतं हे त्याला ठाऊक असतं. नांगराचा पडलेला दात किंवा हरवलेली किल्ली शोधून देण्याची तयारी दाखवा. होकार मिळाला की दोन ओळींचा कागद करा: कुठली शेतं, कुठल्या महिन्यांत, आणि काही मौल्यवान सापडलं तर वाटणी कशी. बहुतेक ठिकाणी निम्मं-निम्मं ठरतं. नाताळला मिठाईचा डबा घेऊन जा. माझ्या अनुभवात चिवडा-लाडूंनी जेवढी फाटकं उघडली, तेवढी कुठल्याच ओळखपत्राने उघडली नाहीत.

आता शेत वाचायला शिका. नॅशनल लायब्ररी ऑफ स्कॉटलंडच्या संकेतस्थळावर इंग्लंडचेही जुने ऑर्डनन्स सर्व्हे नकाशे फुकट पाहता येतात, आजच्या उपग्रहचित्राच्या शेजारी ठेवून. एकोणिसाव्या शतकातल्या नकाशावर असलेलं आणि आज नसलेलं काय, ते शोधा: मोडून टाकलेलं कुंपण, बुजलेलं डबकं, पडलेलं मजुराचं घर, दोन पायवाटांचा मिलाप. कुंपण ओलांडायच्या लाकडी पायऱ्यांपाशी पाय वर टाकताना खिशातलं नाणं पडतं. मोठ्या झाडाच्या सावलीत भाकरतुकडा खाताना बटण तुटतं. अशा जागा आधी धरा. आणि एक सावधगिरी: ज्या शेतात शहराच्या हिरव्या कचऱ्याचं खत टाकलेलं आहे, तिथे धातूच्या कागदाचे आणि पत्र्याचे इतके तुकडे असतात की यंत्र अखंड ओरडत राहतं. असं शेत पहिल्या फेरीतच ओळखा आणि सोडा.

पण मग जिथे ना घर होतं ना वाट, त्या शेताच्या ऐन मध्यावर टोपणं, बकलं, बटणं, मोडकी नाणी येतात कुठून? उत्तर मराठी माणसाला लगेच पटेल: उकिरड्यातून. घरातला केर, चुलीची राख, गोठ्यातलं शेण आणि शहरातला मैला शतकानुशतकं शेतावर खत म्हणून पसरला गेला, आणि घरात हरवलेली प्रत्येक बारीक वस्तू त्याबरोबर शेतात आली. हे एकदा ध्यानात आलं की शेत रिकामं वाटत नाही. एखाद्या भागात अशा वस्तू दाट असल्या, तर खत वाहून आणणारी वस्ती जवळच असणार, असा अंदाज बांधता येतो.

सापडतं काय? खरं सांगायचं तर पहिल्या महिन्यात काडतुसांच्या पितळी बुडख्या, खिळे, ट्रॅक्टरचे नट आणि कॅनच्या कड्या. त्यानंतर हळूहळू बटणं. मग एखाद्या सकाळी व्हिक्टोरिया राणीची मोठी पेनी. १८६० पासून ती तांब्याऐवजी कांशाची झाली, त्यामुळे वर्ष झिजलेलं असलं तरी आकार आणि जाडीवरून अंदाज येतो. इंग्लंडच्या चांदीच्या नाण्यांत १९२० पर्यंत ९२.५ टक्के चांदी असे, त्यानंतर ५० टक्के, आणि १९४७ पासून मुळीच नाही. सिक्सपेन्सचं नाणं हातात येताच त्याच्या रंगावरून हा इतिहास दिसतो. हातोड्याने ठोकून पाडलेली मध्ययुगीन चांदीची पेनी नखाएवढ्या जाडीची असते. सुटे पैसे हवेत म्हणून तिचे क्रुसाच्या रेषेवर दोन किंवा चार तुकडे करत, आणि असा पाव तुकडाही शेतात मिळतो. शिशाच्या गोळ्या मिळतात, कापडाच्या गाठोड्यांवर मारलेली शिशाची मोहोर मिळते. मला सर्वांत प्रिय आहेत त्या जनावरांच्या गळ्यातल्या आणि घोड्यांच्या साजावरच्या गोल घंटा. आपल्या बैलांच्या घुंगरमाळेतला घुंगूर आणि ही घंटा यांची घडण एकच: पोटात खडा, खाली चीर. काहींवर ओतणाऱ्याची आद्याक्षरं असतात; ‘आर. डब्ल्यू.’ असेल तर ती विल्टशर परगण्यातल्या ऑल्डबर्न गावच्या रॉबर्ट वेल्स यांच्या ओतशाळेची, अठराव्या शतकातली. माती झटकून हलवली तर अजूनही वाजते.

खणण्याची रीत अंगवळणी पाडा, कारण तुमची परवानगी टिकणं त्यावरच आहे. कॉइल जमिनीला समांतर आणि अगदी जवळ ठेवा, हळू फिरवा, टोकाला वर उचलू नका, प्रत्येक फेरी आधीच्या फेरीवर थोडी चढू द्या. आवाज आला की नव्वद अंशांत वळून दुसऱ्या बाजूने ऐका. दोन्हीकडून सारखा आला तर खणा. एका बाजूने गोड आणि दुसऱ्या बाजूने खरखरीत आला तर बहुधा लोखंड. गवतात मातीचा तुकडा घोड्याच्या नालासारखा तीन बाजूंनी कापा, चौथी बाजू जोडलेलीच ठेवून झाकणासारखा उलटा, वस्तू काढली की परत बसवून पायाने दाबा. नीट केलंत तर आठवड्याने जागा सापडत नाही. नाण्यासारखी वस्तू या यंत्रांना साधारण १५ ते २५ सेंटिमीटरपर्यंत कळते. नांगर ज्या थरात फिरतो तो थर आधीच ढवळलेला असतो, तिथल्या वस्तू मूळ जागेवरून हललेल्या असतात. त्या थराखाली जाऊ नका. खाली एकसंध मडकं, हाडं, दगडांची रांग किंवा नाण्यांचा गठ्ठा दिसला तर हात थांबवा, झाका, जागा टिपून घ्या आणि परगण्याच्या फाइंड्स लिएझन ऑफिसरला (त्याच्याविषयी पुढे) फोन करा. महायुद्धातला बॉम्ब किंवा तोफगोळा वाटला तर हातही न लावता दूर जाऊन ९९९ ला कळवा.

थांबण्याचं महत्त्व हॉक्सनने सिद्ध केलं आहे. १९९२ च्या नोव्हेंबरात सफोक परगण्यातल्या या गावी एका शेतकऱ्याची हातोडी हरवली. ती शोधायला त्याचा मित्र एरिक लॉज डिटेक्टर घेऊन शेतात गेला आणि त्याला रोमन सोन्याचांदीचा साठा लागला. त्याने थोडं काढल्यावर खणणं थांबवून कळवलं. पुरातत्त्वज्ञांनी उरलेलं जागच्या जागी उघडलं, म्हणून कुजून गेलेल्या लाकडी पेटीचा आकार आणि आतल्या मांडणीचाही माग लागला. जवळपास १५,००० नाणी निघाली. मोबदला १७.५ लाख पौंड ठरला, तो लॉजने शेतकरी मित्राबरोबर वाटून घेतला. हातोडीही सापडली, ती आता खजिन्यासह ब्रिटिश म्युझियमकडे आहे.

आजचा कायदा १९९६ चा ट्रेझर ॲक्ट आहे. तो इंग्लंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंडला लागू आहे. ३०० वर्षांहून जुनी आणि किमान १० टक्के सोनं किंवा चांदी असलेली वस्तू, एकाच ठिकाणची तशी दोन किंवा अधिक नाणी, हलक्या धातूची असतील तर किमान दहा नाणी, हे सगळं कायद्याने ‘ट्रेझर’ ठरतं. २०२३ पासून त्यात २०० वर्षांहून जुन्या, असाधारण महत्त्वाच्या धातूच्या वस्तूंचीही भर पडली आहे. अशी वस्तू ओळखल्यापासून १४ दिवसांत कॉरोनरला कळवावं लागतं. प्रत्यक्षात तुमच्या परगण्याचा फाइंड्स लिएझन ऑफिसर हे काम मार्गी लावतो. स्कॉटलंडचे नियम वेगळे आणि कडक आहेत. तिथे प्रत्येक प्राचीन वस्तू कळवावी लागते.

याच अधिकाऱ्याकडे साध्या वस्तूही घेऊन जा. १९९७ पासून चालू असलेल्या पोर्टेबल अँटिक्विटीज स्कीममध्ये तो त्यांची नोंद करतो, फोटो घेतो आणि वस्तू तुम्हाला परत देतो. त्यासाठी प्रत्येक वस्तू छोट्या पिशवीत ठेवून त्यावर तारीख आणि फोनमधून घेतलेला नकाशावरचा आकडा लिहा. हे काम कंटाळवाणं वाटेल, पण जागा हरवली की वस्तूचं निम्मं मोल गेलं. अमेरिकेच्या रोड आयलंड राज्यात २०१४ साली तिथल्याच एका इतिहासप्रेमी रहिवाशाला फळबागेत १६९३ साली येमेनमध्ये पाडलेलं चांदीचं नाणं मिळालं. बाजारात ते एक किरकोळ अरबी नाणं. सापडलं त्या जागेमुळे मात्र १६९५ साली हजहून सुरतेला परतणारं औरंगजेबाचं ‘गंज-इ-सवाई’ जहाज लुटून पसार झालेल्या हेन्री एव्हरीच्या चाच्यांचा माग अमेरिकेच्या किनाऱ्यापर्यंत लागला.

घरी आणलेल्या वस्तू साध्या पाण्यात भिजवून मऊ ब्रशने माती काढा, एवढंच. तांब्याचं नाणं चिंच-मिठाने किंवा पितांबरीने घासू नका. देवघरातल्या समईला जे शोभतं त्याने नाण्यावरचा हिरवा थर जातो, आणि अक्षरं त्या थरातच टिकलेली असतात.

हे वाचून कुणाच्या मनात येईल की पुढच्या सुट्टीत यंत्र घेऊन गावी जावं, आपल्या वाड्याच्या मागे, गडाच्या पायथ्याशी फिरवावं. ते करू नका. १८७८ चा भारतीय निखात निधी कायदा आजही लागू आहे: जमिनीत दडलेलं दहा रुपयांहून अधिक किमतीचं काहीही सापडलं तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं, लपवलं तर वाटा जातो आणि एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. संरक्षित स्थळांवर, त्यात संरक्षित गडकोटही आले, परवान्याविना खणता येत नाही. १०० वर्षांहून जुनं नाणं १९७२ च्या कायद्याने पुरावस्तू ठरतं आणि खाजगी व्यक्तीला ते देशाबाहेर नेता येत नाही. म्हणजे आजीने दिलेली शिवराईसुद्धा सूटकेसमध्ये घालून इंग्लंडला आणू नका. २०२५ च्या मार्चमध्ये ‘छावा’ चित्रपटानंतर बुऱ्हाणपूरजवळच्या असीरगड परिसरात लोक रात्री टॉर्च आणि डिटेक्टर घेऊन सोन्याच्या मोहरांसाठी शेतं उकरत होते. त्या खड्ड्यांत शेताचं आणि इतिहासाचं, दोन्हींचं नुकसान झालं. गुप्तधनासाठी अघोरी प्रकार करणाऱ्यांना रोखायला महाराष्ट्राला २०१३ मध्ये कायदा करावा लागला, हेही आपल्याला ठाऊक आहे. त्या मोहाला आपल्या हातातल्या यंत्राने खतपाणी मिळू नये.

आपल्याकडे जागेची नोंद नसल्याची किंमत किती मोठी असते ते दायमाबादने दाखवलं. १९७४ साली अहमदनगर, म्हणजे आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यातल्या या गावी छबू लक्ष्मण भिल यांना झाडाचं मूळ खणताना बैलगाडी, हत्ती, गेंडा आणि रेडा अशा चार कांस्यमूर्ती मिळाल्या, एकूण ६० किलोंहून जड. त्या उत्खननाच्या थरात मिळालेल्या नसल्यामुळे त्यांच्या काळाबद्दल अभ्यासकांचा वाद आजही मिटलेला नाही. उलट १९०६ साली नाशिक जिल्ह्यात जोगळटेंभीला १३,००० हून अधिक चांदीची नाणी एकत्र मिळाली. क्षत्रप राजा नहपानाच्या नाण्यांपैकी नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा मारलेला होता, आणि साठा एकत्र अभ्यासता आल्याने सातवाहनांच्या विजयाचा तो पुरावा ठरला. गावी डिटेक्टरचा एक उपयोग मात्र जरूर करा: अंगणात पडलेलं कुणाचं मंगळसूत्र, शेतात हरवलेली अंगठी शोधून द्या. तिथल्या काळ्या मातीत आणि कोकणच्या जांभ्यात लोहखनिज भरपूर असल्याने यंत्र उगाच आवाज करतं. आधी ग्राउंड बॅलन्स करा, म्हणजे यंत्र त्या मातीशी जुळवून घ्या, आणि संवेदनक्षमता कमी ठेवा.

इंग्लंडमध्ये ऑगस्टच्या अखेरीस कापणी होते, आणि पुढची पेरणी होईपर्यंत मधले काही आठवडेच शेत मोकळं मिळतं. नांगरून, पावसाने बसलेली जमीन सर्वांत चांगली, कारण माती दाबलेली असली की आवाज स्वच्छ येतो. शेतकऱ्याची भेट त्याआधी, जूनमध्येच उरका. दरम्यान जुने नकाशे काढा, बागेत कान तयार करा, आणि पिशव्यांवर आकडे लिहायची सवय आजच लावा. पहिल्या दिवशी अख्खं शेत पालथं घालू नका. कुंपणापाशी पायऱ्या होत्या तो एक पट्टा धरा आणि तोच सावकाश पुरा करा.